चोवीस तासांवाली

आमच्या नर्सिंग ब्युरोत बायकांचे दोन प्रकार आहेत, बारा तासांवाल्या आणि चोवीस तासांवाल्या. बारा तासांवाली सकाळी आठला पेशंटच्या घरी जाते, संध्याकाळी आठला चपला घालते आणि आपल्या घरी जाऊन नवऱ्याशी भांडते. चोवीस तासांवाली पेशंटच्या खोलीतच गादी टाकते आणि पेशंट बरा होईपर्यंत, किंवा जाईपर्यंत, तिथेच असते. हे दुसरं काम कोणालाच नको असतं. प्रत्येकीला मुलं असतात, सासू असते, स्वतःची पाठ असते. चोवीस तासांसाठी फोन आला की मला दहा जणींची मनधरणी करावी लागते, आणि मनधरणी हा काही माझा प्रांत नाही. मी रजिस्टर सांभाळते, फोन उचलते आणि चिडते. मालक आठवड्यातून दोनदा तोंड दाखवतात, बाकी ब्युरो म्हणजे मीच.

एकीची मनधरणी मात्र कधी करावी लागली नाही. फोन केला की तासाभरात ती पेशंटच्या दारात उभी असायची. अकरा वर्षांत तिने बारा तासांचं काम एकदाही घेतलं नाही, सुट्टी मागितली नाही, जरा घरी जाऊन येते म्हणाली नाही. म्हणून ब्युरोत तिचं नाव पडलं चोवीसतास. पेशंटच्या घरचे तिला मावशी म्हणायचे. खरं नाव रजिस्टरात होतं, ते तिथेच राहिलं. बाकीच्या बायका म्हणायच्या, काय ही हाव, एवढं कमावून कुठे नेणार आहे? मीही म्हणायचे. खोटं कशाला बोलू.

उंच, हाडकुळी, पन्नाशी ओलांडलेली बाई. केस इतके घट्ट बांधलेले की बघणाऱ्याचं डोकं दुखावं. एक तपकिरी बॅग, तिची चेन गेलेली, म्हणून वरून पट्टा आवळलेला. बोलणं मोजकं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलायची असली की ती आधी त्याला सांगायची, "आता आपण खिडकीकडे बघायचं," आणि मगच हात लावायची. आणि तिची झोप! पेशंटच्या मनगटाला एक मऊ सुती नाडी सैल बांधायची, दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला, आणि खुर्चीत ताठ बसून झोपायची. मान कलंडत नसे. पेशंटने बोट हलवलं की ही जागी. घरचे लोक मला फोन करून सांगायचे, ताई, ही बाई झोपते तरी कधी?

तिचा नवरा एका मोठ्या इमारतीत लिफ्ट चालवायचा. जिन्याखालची खोली नोकरीबरोबर मिळाली होती. नवरा गेला, त्याच्यामागोमाग महिन्याभरात खोलीही गेली. मूलबाळ नव्हतं. तिने हे काम धरलं आणि भाड्याने एक खोली घेतली. दोन वर्षं त्या खोलीचं भाडं भरलं, आणि दोन वर्षांत तिथे जेमतेम आठ दिवस झोपली असेल. कुलूप लावलेल्या खोलीचं भाडं कोण भरत बसेल? तिने खोली सोडली. तुम्हीआम्हीही सोडली असती. फक्त एक पेशंट संपून दुसरा मिळेपर्यंत मधे काही दिवस जातात, ते तिने धरले नव्हते. पुढे ते दिवस वाढत गेले आणि खोल्यांची भाडी तिच्या हाताबाहेर गेली.

त्या मधल्या दिवसांत रात्री ती कुठे असते हे मला माहीत नव्हतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मी विचारलं नव्हतं. रजिस्टरात राहण्याच्या पत्त्याचा एक रकाना आहे. नवं काम लागलं की ती यायची आणि म्हणायची, "ताई, पत्ता बदलता का?" मी जुना खोडून नव्या पेशंटचा लिहायचे. बाकी कोणाचा पत्ता असा दर कामाला बदलत नव्हता. एवढ्यावरून माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण माझं डोकं दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गुंतलेलं असतं.

ती जायची इस्पितळात, नातेवाइकांच्या हॉलमध्ये. तिथे ताठ बसून डोळे मिटलेली बाई कोणाला खटकत नाही. हिचं कोणीतरी आत असेल असं समजून लोक उलट पाणी आणून देतात. दिवसा ती आमच्या ब्युरोतल्या बाकावर येऊन बसायची. मग इस्पितळाने पास सुरू केले, एका पेशंटमागे एक. हिचा पेशंट कोण सांगणार? आणि इकडे मालकांनी आमच्या बाकावरच्या बायका हलवल्या. गिऱ्हाईक आत येतं तेव्हा रिकाम्या बायका बसलेल्या दिसल्या की ब्युरोचं वजन कमी होतं म्हणे. मालकांनी हलवल्या म्हणजे मी हलवल्या. स्वतःचं तोंड वाईट करायला ते थोडेच येतात!

त्याच वर्षी शहराने नवा नियम काढला. बागेच्या फाटकावर, बस थांब्यांवर, पुलाखाली पाट्या लागल्या, की सार्वजनिक जागेत झोपणे, अंथरूण पसरणे किंवा सामानासह मुक्काम करणे हा दंडनीय गुन्हा आहे. बाकांच्या मधोमध लोखंडी दांडे बसले, कोणी आडवं होऊ नये म्हणून. त्या दांड्यांमुळे जाड माणसांचीही पंचाईत झाली, पण तक्रार कोणी केली नाही. पथकाची एक गाडी दिवसभर फिरू लागली. लोक म्हणाले, बरं झालं, बाग कशी मोकळी वाटते. मीही म्हणाले. मी रोज संध्याकाळी तिथे फिरायला जायचे.

तिचं सगळ्यांत लांबलेलं काम म्हणजे हेडमास्तर आजोबा. अडीच वर्षं तिने त्यांना सांभाळलं. मग ते गेले. पेशंट गेला की ड्यूटी संपली, हा आमचा नियम. त्यानंतर सहाव्या दिवशी, भर दुपारी, ती बागेतल्या बाकावर झोपली होती. आडवी नाही, बसून. नाडीचं एक टोक मनगटाला आणि दुसरं बॅगेच्या पट्ट्याला. बॅग चोरीला जाऊ नये म्हणून बांधली असेल असं कोणालाही वाटेल. मला वाटतं, दुसऱ्या टोकाला काहीच नसलं तर तिला झोपच येत नसावी.

पथकाने तिला उठवलं आणि पंचनामा केला. त्याची प्रत पुढे माझ्या हातात आली. 'एक बॅग, दोरीने हातास बांधलेली. आत कपड्यांचे दोन जोड, एक चादर, थर्मामीटर, तेलाची बाटली, जखमेवरचे मलम. सदर महिला मुक्कामाच्या तयारीने आढळली.' घ्या! बाकावर बसलेली बाई मुक्कामाच्या तयारीने आढळली. मग त्यांनी तिला पत्ता विचारला.

इथे तिची चूक झाली, आणि ती चूक आमच्या धंद्यातल्या बाईखेरीज कोणी करणार नाही. चोवीस तासांवाल्या बाईकडून मी पहिल्या दिवशी एक गोष्ट घोकून घेते, ती म्हणजे पेशंटचा पत्ता. वेळ आली तर ॲम्ब्युलन्सवाल्याला झोपेतून उठूनही सांगता आला पाहिजे. झोपेतून उठल्याबरोबर तिला समोर गणवेश दिसला, घाईघाईने पत्ता विचारणारा. ती धडाधड बोलून गेली. रस्ता, इमारत, तिसरा मजला, घर नंबर, आणि वर, "लिफ्ट बंद असली तर मागच्या जिन्याने या, पुढच्या जिन्यात स्ट्रेचर वळत नाही." पथकातल्या माणसाने तेही इमानेइतबारे लिहून घेतलं. पंचनाम्यात ते वाक्य आहे. ते वाचून मी आधी हसले आणि मग मला रडू आवरेना.

समन्स घरी येईल, असं सांगून त्यांनी तिला सोडलं. घरी! तिने हे कोणाच्या कानावर घातलं नाही. ब्युरोतून नाव कापतील अशी तिला भीती होती. कापलंही असतं, मीच कापलं असतं. आठवड्याभरात तिला ऑपरेशनचा एक पेशंट मिळाला, दीड महिन्याचा. ती कामाला लागली. कोर्टाची तारीख आली आणि गेली, तिला पत्ताही नव्हता.

आणि मग आल्या गाणंबाई. म्हणजे त्यांच्या भाचीचा फोन आला. बाईंनी जन्मभर गाणं शिकवलं होतं, आता डावं अंग गेलेलं, घरात एकट्या. भाची परदेशात राहायची, सोमवारी परत जाणार होती. तिला कायमची बाई हवी होती. "शेवटपर्यंत" असा शब्द तिने फोनवर वापरला. आणि बाईसाठी वेगळी खोली होती. मी चोवीसतासला घेऊन घर बघायला गेले. खोली लहानशीच, एक खाट, एक खिडकी, दाराला आतून कडी. तिने आत जाऊन कडी लावली, काढली, परत लावली. मी बाहेर उभी. बऱ्याच वेळाने दार उघडून ती म्हणाली, "ताई, आतून लागते." अकरा वर्षांत तिच्या तोंडावर मी असा आनंद पाहिला नव्हता. मला कसंसंच झालं.

गाणंबाईंनी तिचा हात धरला तो सोडेनात. सगळं जमल्यात जमा होतं. भाचीची अट एकच, पोलिसांचा दाखला, गुन्हा नोंद नसल्याचा, सोमवारच्या आत.

"आमच्या मावशींच्या नावावर कसला गुन्हा असणार?" मी तोऱ्यात म्हणाले. मावशी खाली बघत होती.

गुरुवारी सकाळी आम्ही चौकीत गेलो. दाखल्याच्या टेबलावर एक म्हातारा हवालदार होता, चष्मा कपाळावर चढवलेला. त्याने तिचं नाव दोन बोटांनी टाइप केलं, चष्मा खाली ओढला आणि मला हळूच विचारलं, "या तुमच्याबरोबर आहेत?"

"हो. का?"

"यांच्या नावावर वॉरंट आहे."

माझा पारा चढला. "नीट बघा. नावं सारखी असतात. ही बाई मुंगी मारायची नाही."

"ताई," मावशी मागून म्हणाली, "बघायला नको. मीच आहे ती."

मग तिथे उभ्याउभ्या सगळं बाहेर आलं, बाग, बाक, पत्ता. समन्स हेडमास्तरांच्या घरी गेलं होतं आणि शेरा मारून परत आलं होतं, 'अशी कोणी व्यक्ती येथे राहत नाही.' हवालदार माणूस बरा होता. त्याने तिला स्टुलावर बसवलं.

"झोपण्याचं काही नाही हो," तो म्हणाला. "पहिली वेळ असली की समज देऊन सोडतात, नोंद राहत नाही. पण खोटा पत्ता दिला हे वाईट. ते नावाला चिकटतं. त्या घरातलं कोणी येऊन सांगेल का, की बाई इथे राहत होती म्हणून? तेवढं झालं तर उद्याच्या उद्या सुटेल सगळं."

"सांगतील ना," मी म्हणाले. "अडीच वर्षं काढलीयत हिने तिथे."

"मग उद्या दहाला कोर्टात स्वतःहून हजर व्हा. आणि बाई, आजच्या दिवस कुठे बसू नका. पथकाने परत उचललं तर मग माझ्याही हातात काही नाही."

कुठे बसू नका! बाहेर आल्यावर ती माझ्या शेजारून अशी चालत होती, की जणू थांबणं हाच गुन्हा आहे. समोरून येणारी प्रत्येक गाडी मला पथकाची वाटायला लागली.

संध्याकाळी हेडमास्तरांच्या घरी मी एकटीच वर गेले. ती इमारतीखाली उभी राहिली. ड्यूटी संपलेल्या घरात बोलावल्याशिवाय जायचं नाही, हाही आमचाच नियम. दार सुनेने उघडलं. मावशी खाली आहेत म्हटल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाबांचं सगळं त्यांनीच केलं हो. त्या गेल्या आणि घर खायला उठलं. वर का नाही आल्या?"

मला वाटलं, काम फत्ते. मी समन्सचं सांगितलं. ती गोंधळली. "तो कागद आला तेव्हा आम्ही घाबरलो. पोलिसांचा कागद, आमचा पत्ता. यांनी लिहून दिलं तसं."

हे म्हणजे मुलगा, तो इंजिनीअर. तो आतून आला, त्याने मी लिहून नेलेला मजकूर उभ्याने वाचला आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"'राहत होत्या' असं लिहायचं? पण राहत नव्हत्या ना. कामाला होत्या."

"अडीच वर्षं तुमच्याच घरात होत्या."

"होत्या. पण राहत नव्हत्या."

"मग झोपत कुठे होत्या? जेवत कुठे होत्या?" माझा आवाज चढला. सुनेने खिडकी लावून घेतली.

"हे बघा, चिडू नका," तो म्हणाला. "घर अजून बाबांच्या नावावर आहे. बहिणीशी वाद चाललाय. अशात आणखी कोणीतरी इथे राहत होतं असं मी सही करून दिलं, आणि उद्या त्याचा कोणी फायदा घेतला तर? मावशींचं नाही म्हणत मी. पण कोणी त्यांना शिकवलं तर?" त्याने कागद मला परत दिला. "मी उद्या स्वतः येतो कोर्टात. बघू."

मी खाली उतरून तिला सांगितलं, येतोय तो. तिने हुश्श केलं. मग विचारलं, "आजोबांच्या खोलीची खिडकी उघडी ठेवतात का? बंद राहिली की तिथल्या भिंतीला ओल धरते."

"उद्या दहाला," मी म्हणाले. "आणि आज तुम्ही..."

"बघते मी," ती म्हणाली, आणि मी तिला बघू दिलं. घरी जाऊन जेवले, भांडी घासली, पडले. झोप कसली येतेय! सारखं वाटत होतं, एवढ्यात पकडली असेल. सकाळी कोर्टाच्या फाटकापाशी ती उंच आकृती दिसली तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. पाय सुजलेले होते तिचे. मी चपलांकडे बघितलं तशी तिने पाय मागे घेतले.

कोर्टाचा हॉल माणसांनी भरलेला होता आणि पंखे नुसतेच आवाज करत होते. फुकट मदतीची एक वकीलबाई मिळाली, पोरसवदा, हातात वीस फायली. इंजिनीअर आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात प्लॅस्टिकची फाइल. त्याने मावशीला मान लवून नमस्कार केला. मी वकीलबाईला कोपराने ढोसलं, हाच तो, आता बघा.

नाव पुकारलं तेव्हा मला क्षणभर कळलंच नाही की ते हिचं आहे. ती उठली, बॅगेसकट पुढे गेली. न्यायाधीशबाईंना सर्दी झाली होती, त्या रुमालातून बोलत होत्या.

"बागेत झोपला होतात?"

"हो. बसून."

"दिलेल्या पत्त्यावर राहत होतात?"

"हो बाईसाहेब. आजोबा जाईपर्यंत."

"काही पुरावा?"

ती विचारात पडली. मग म्हणाली, "न्हाणीघराच्या दारातली तिसरी फरशी हलते, तिथे चाकाची खुर्ची अडते. दूधवाला दोनदा बेल वाजवतो, तेव्हा आजोबा दचकायचे, म्हणून मी आधीच दार उघडून उभी राहायचे. सूनबाईंची डोकेदुखीची गोळी फ्रिजवरच्या डब्यात असते. दादांना पहाटे खोकला येतो, पण ते डॉक्टरकडे जात नाहीत." हॉलमध्ये कोणीतरी हसलं. इंजिनीअर मान खाली घालून फाइलचं बटण उघडत होता, लावत होता.

"त्या घरचं कोणी आहे का?"

तो उठला. "बाईसाहेब, या बाईंनी वडिलांची सेवा उत्तम केली. त्यात वाद नाही. पण त्या राहत नव्हत्या. हा कागद आहे." आणि त्याने फाइलमधून एक कागद काढून पुढे दिला.

तो कागद मी दहा हातांवरून ओळखला. निळ्या अक्षरातला आमच्या ब्युरोचा छापील नमुना. 'मी सदर घरी राहत नसून केवळ रुग्णसेवेसाठी हजर आहे. सदर जागेवर माझा कोणत्याही प्रकारे हक्क अथवा वास्तव्य नाही.' नऊ वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने शंका काढली, बाई घरात मुरली आणि निघेना तर काय, म्हणून तो मजकूर मी तयार केला होता. मी. मालकांनी पाठ थोपटली होती. तेव्हापासून प्रत्येक चोवीस तासांवाली पहिल्या दिवशी त्यावर सही करते. मावशीने किती घरी केली असेल! वर्षानुवर्षं ज्या ज्या घरात ती राहिली, त्या त्या घरात आपण राहत नाही असं तिने लिहून दिलं होतं, आणि खाली साक्षीदार म्हणून प्रत्येक वेळी मी.

"साक्षीदार कोण?" न्यायाधीशबाईंनी विचारलं. वकीलबाईने माझ्याकडे बघितलं. मी उभी राहिले.

"ही सही तुमची?"

"हो, पण तो नुसता..."

"या त्या घरी राहत नव्हत्या, असं तुमच्या सहीनेच लिहिलंय. मग राहतात कुठे?"

मला बोलायचं होतं. माझा पत्ता माझ्या जिभेवर होता. पण त्या एका क्षणात किती जण समोर येऊन उभे राहिले! घरमालक, ज्याच्या करारात चार माणसांच्या वर पाचवं माणूस चालत नाही. नवरा, ज्याला विचारल्याशिवाय मी उशी विकत आणत नाही. सासूबाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, ठणठणीत, चार जिने चढून वर येतात आणि दम न खाता भांडायला लागतात. दोन खोल्यांत मुलासकट आम्ही चौघं. एरवी रस्त्याने जाणाऱ्याशीही हुज्जत घालणारी मी, माझी दातखीळ बसली.

"ब्युरोच्या पत्त्यावर निरोप देता येईल," मी म्हणाले.

"निरोपाचं विचारलं नाही. राहतात कुठे?"

मावशी माझ्याकडे बघत होती, रागाने नाही. पेशंटला घोट गिळता येतो का हे बघतात, तशी. मग तिने स्वतःच सांगितलं, "कामावर, बाईसाहेब."

निकाल दोन मिनिटांत लागला. किरकोळ दंड, आणि खोटा पत्ता दिल्याबद्दल कोर्ट उठेपर्यंत हॉलमध्ये बसून राहण्याची शिक्षा. इंजिनीअर निघताना माझ्यापाशी थांबला. "मला एवढंच म्हणायचं होतं की त्या राहत नव्हत्या," तो म्हणाला. "हे असं होईल माहीत नव्हतं." त्याला बोलायला मला तोंड कुठे होतं? कागद माझा होता.

शिपायाने तिला मागच्या बाकावर बसवलं आणि बजावलं, "इथून हलायचं नाही. संध्याकाळपर्यंत." ती बसली. पाच मिनिटांत तिने नाडी काढली, बॅगेला बांधली, मनगटाला बांधली, आणि झोपली. ताठ, मान न कलंडता. सरकारी बाकावर, सरकारी हुकमाने, दिवसाढवळ्या, बॅगेसकट. येणारे जाणारे तिचे पाय चुकवून जात होते. शिपाई दोनदा येऊन बघून गेला आणि उठवलं नाही. मी समोर बसून होते. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुपारी बाहेर जाऊन मी भाचीला फोन केला. दाखल्याचं जमणार नाही म्हटलं, मी खात्री देते म्हटलं, रदबदली केली, आर्जवं केली. ती शांतपणे म्हणाली, "तुमची खात्री लेखी द्याल का?" मालकांना विचारलं तर त्यांनी मलाच वेड्यात काढलं. भाची सॉरी म्हणाली. दुसऱ्या ब्युरोची बाई ठरवते म्हणाली.

पाच वाजता कोर्ट उठलं. मी मनगटाला हात लावायचा अवकाश, ती जागी.

"शिक्षा पुरी झाली?"

"झाली."

"गाणंबाईंचं?"

मी नाही म्हणून मान हलवली. तिने नाडी सोडली, तिची नीट घडी घातली, घडी चुकली म्हणून परत घातली. "नव्या बाईला सांगा," ती म्हणाली, "डावा खांदा धरून उचलायचं नाही. खालून आधार द्यायचा. दुखतो त्यांचा, पण त्या बोलत नाहीत."

आम्ही बाहेर आलो. लोक घरी निघाले होते. रस्त्यापलीकडे पथकाची गाडी उभी होती आणि दोघं जण बस थांब्यावरच्या एका म्हाताऱ्याला उठवत होते. तिने ते पाहिलं आणि बॅग माझ्या आडोशाला घेतली.

"चला," मी म्हणाले.

"कुठे?"

"माझ्याकडे."

ती चालता चालता थांबली. तिच्या चेहऱ्यावर काळजी उमटली, खरीखुरी, माझ्यासाठी.

"अगं बाई! तुमच्याकडे कोण आजारी आहे?"

कोणी नाही, असं मी म्हणणार होते. कोणी नाही, नुसत्या चला. पण ती पाऊल उचलणार नाही हे मला तिच्याकडे बघूनच कळलं. पलीकडे गाडीचं दार धाडकन लागलं.

"सासूबाई," मी म्हणाले.

"उठता येतं का त्यांना?"

"नाही," मी म्हणाले, आणि तिने बॅग उचलली.